ॲप बदलतंय? अभिप्राय असा पाठवा की त्यावर काम होईल

एखादं समाजमाध्यम बदल जाहीर करतं, तेव्हा पहिल्या दोन दिवसांत प्रतिक्रियांचा पूर येतो. बहुतेकांचा सूर एकच असतो: 'जुनंच बरं होतं.' तो सूर मनापासूनचा असतो, पण तो वाचून कंपनीतल्या माणसाला उद्या सकाळी नेमकं काय दुरुस्त करायचं ते कळत नाही. कुणाचं, कुठे, काय अडतंय हे ज्या अभिप्रायातून कळतं, तोच पुढे सरकतो.

रेडिट या विषयवार समुदायांच्या चर्चा-माध्यमाचं २०२३ सालचं प्रकरण याचं स्वच्छ उदाहरण आहे. एप्रिलमध्ये कंपनीने बाहेरच्या ॲपांकडून माहितीच्या वापराचे पैसे घ्यायचं जाहीर केलं. रेडिट वाचायच्या अपोलो या बाहेरच्या लोकप्रिय ॲपच्या हिशेबाने वर्षाचा खर्च सुमारे २ कोटी डॉलरवर जात होता. १२ ते १४ जून या काळात ८ हजारांहून अधिक समुदायांनी निषेध म्हणून आपली पानं बंद ठेवली. दर काही मागे घेतले गेले नाहीत आणि ३० जूनला अपोलो बंद पडलं. मात्र त्याच गदारोळात दृष्टिहीन वापरकर्त्यांनी एक नेमकी अडचण मांडली होती: रेडिटचं स्वतःचं ॲप स्क्रीन वाचून दाखवणाऱ्या सुविधेबरोबर धड चालत नाही, त्यामुळे बाहेरची ॲपं गेली तर आमचं रेडिट वापरणंच थांबेल. अपंगांसाठी बनवलेल्या बिगरव्यावसायिक ॲपांना कंपनीने शुल्कातून सूट दिली, आणि तीही बंद सुरू व्हायच्या आधी.

नुसती संख्या किती तोकडी पडते ते फेसबुकच्या मतदानात दिसलं. २००९ पासून फेसबुकवर नियमबदलावर मतदानाची सोय होती, पण निकाल बंधनकारक ठरायला ३० टक्के सक्रिय वापरकर्त्यांनी मत देणं आवश्यक होतं. डिसेंबर २०१२ मध्ये ही सोयच रद्द करण्याचा प्रस्ताव मतदानाला आला. सुमारे ६ लाख ६८ हजार मतं पडली, त्यातली जवळपास ८८ टक्के प्रस्तावाच्या विरोधात. पण वापरकर्ते १०० कोटींवर गेले होते, म्हणजे गरज होती ३० कोटी मतांची. मतदानाची सोय रद्द झाली.

आधी टप्पा ओळखा

अभिप्राय कुठे आणि किती घाईने पाठवायचा, हे बदल कोणत्या टप्प्यावर आहे त्यावरून ठरतं. साधारण चार टप्पे असतात: नुसती घोषणा, थोड्या लोकांवर चाचणी, टप्प्याटप्प्याने वाटप आणि सगळ्यांना लागू. पहिल्या दोन टप्प्यांत बदल मागे घेणं कंपनीला स्वस्त पडतं. जुलै २०२२ मध्ये इन्स्टाग्रामने पूर्ण स्क्रीन व्यापणारी मांडणी काही लोकांना दाखवली होती. विरोध वाढल्यावर महिना संपायच्या आत ती चाचणी गुंडाळत असल्याचं जाहीर झालं, आणि ते सोपं गेलं कारण ती चाचणीच होती. सगळ्यांना लागू झालेला बदल सहसा पूर्ण उलटत नाही. त्यात फार तर एखादी सेटिंग वाढते, एखादं बटण जुन्या जागी येतं. त्या टप्प्यावर 'सगळं पूर्ववत करा' म्हणण्यापेक्षा 'हे बंद करायचा पर्याय द्या' ही मागणी पदरात पडायची शक्यता जास्त.

टप्पा ओळखायची सोपी युक्ती: घरातल्या तीन-चार फोनवर तेच ॲप उघडा आणि आवृत्तीचा क्रमांक ताडून पाहा. क्रमांक एकच पण मांडणी वेगळी असेल, तर चाचणी सुरू आहे किंवा वाटप अर्ध्यावर आहे. असे बदल कंपनीच्या सर्व्हरवरून चालू-बंद होतात, ॲप अपडेट करण्याशी त्यांचा संबंध नसतो. म्हणून ऑटो-अपडेट बंद करून ते टळत नाहीत. जुनी आवृत्ती कुठून तरी शोधून बसवण्याच्या फंदात तर मुळीच पडू नका; अनोळखी ठिकाणच्या फाइलमधून फोनमध्ये काहीही शिरू शकतं.

बदल सगळ्यांच्या आधी पाहायचा असेल तर बीटा चाचणीत, म्हणजे ॲपची नवी आवृत्ती सगळ्यांना देण्याआधीच्या चाचणीत, नाव घाला. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरमध्ये त्या ॲपच्या पानावर खाली सरकत गेलं की बीटात सामील होण्याचा पर्याय दिसतो; लोकप्रिय ॲपांची जागा बऱ्याचदा भरलेली असते. आयफोनवर टेस्टफ्लाइट हे ॲपलचं चाचणीसाठीचं ॲप लागतं. तिथे एका ॲपला बाहेरचे जास्तीत जास्त १० हजार परीक्षक घेता येतात आणि प्रत्येक चाचणी-आवृत्ती ९० दिवसांत कालबाह्य होते. बीटात जाण्याआधी चॅटचा बॅकअप घ्याच. अँड्रॉइडवर बीटातून लगेच बाहेर पडायचं तर ॲप काढून पुन्हा बसवावं लागतं, आणि बॅकअप नसला तर तिथेच संभाषणं जातात. ज्या फोनवर धंद्याच्या ऑर्डरी येतात, त्यावर बीटा नको.

पुरावा जमवा

बदल दिसला की लगेच पाच गोष्टी टिपून ठेवा: फोनचं मॉडेल, अँड्रॉइड किंवा आयओएसची आवृत्ती, ॲपची आवृत्ती, ॲपची भाषा, आणि तारीख-वेळ. ॲपची आवृत्ती अँड्रॉइडवर सेटिंग्जमधल्या ॲपांच्या यादीत त्या ॲपच्या पानाच्या तळाशी असते, आयफोनवर स्टोरेजच्या यादीत ॲपवर टिचकी मारली की त्याच्या नावाखाली. ही पाच उत्तरं नसली तर तक्रार वाचणारा ती परत विचारतो, आणि विचारणं-उत्तर देणं यात आठवडा जातो. पुष्कळदा तो विचारतही नाही.

मग आधीचा आणि नंतरचा स्क्रीनशॉट. आधीचा नसेल तर ज्याच्या फोनवर बदल अजून आलेला नाही त्याच्याकडून मागून घ्या. हालचालीशी संबंधित अडचण असेल, म्हणजे सरकवताना व्हिडिओ आपोआप सुरू होणं किंवा चुकून भलतंच बटण दाबलं जाणं, तर स्क्रीन रेकॉर्डिंग लागतं. २० ते ३० सेकंद पुरे. रेकॉर्डिंगआधी 'व्यत्यय नको' मोड चालू करा, नाहीतर मधेच बँकेचा ओटीपी झळकतो आणि तोही पाठवला जातो. बोट कुठे टेकलं ते दिसावं म्हणून अँड्रॉइडच्या डेव्हलपर पर्यायांत 'टॅप दाखवा' ही सोय आहे; फोनच्या माहितीच्या पानावर बिल्ड क्रमांकावर सात वेळा टिचकी मारली की ते पर्याय उघडतात. काम झालं की ते बंद करा, कारण काही बँकिंग ॲपं ते चालू असताना सुरूच होत नाहीत.

स्क्रीनशॉटमधली इतरांची नावं, चेहरे आणि नंबर झाका. झाकायला भरीव चौकोन वापरा. मार्कर पेनची रेघ अर्धपारदर्शक असते. चित्राचा उजेड वाढवला की खालचा नंबर वाचता येतो.

देवनागरीची तपासणी आपल्यालाच करावी लागते

सगळ्या लेखातला हा भाग मराठी वाचकाने सर्वांत मनावर घ्यावा असा आहे. बदल आखणारे लोक रोमन लिपीत काम करतात. देवनागरीत काय तुटलं ते त्यांच्या स्क्रीनवर दिसत नाही, आणि हिंदीपुरती तपासणी झाली तरी ऱ्या, ळ, ॲ यांच्याकडे पाहिलं जाईलच असं नाही. आपण कळवलं नाही तर ती चूक वर्षानुवर्षं तशीच राहते.

तपासणीसाठी एक वाक्य फोनमध्ये साठवून ठेवा: 'गणेशमूर्तींची ऑर्डर घेणाऱ्या विद्यार्थ्यांनी पेणहून ॲपवर कळवलं की कॅमेऱ्यातले फोटो सुस्पष्ट आहेत.' यात बहुतेक अवघड जागा येतात. पोस्ट, कमेंट, प्रोफाइलचं नाव, स्टोरीवरचा मजकूर आणि शोधाची चौकट अशा पाच ठिकाणी ते चिकटवा आणि पुढच्या गोष्टी पाहा.

'मूर्तीं' या अक्षरगटात खाली दीर्घ ऊकार आहे आणि वर रफार, वेलांटी, अनुस्वार एकत्र आलेत. ओळींमधलं अंतर रोमन अक्षरांच्या मापाने कमी केलं की सर्वांत आधी हाच शेंडा छाटला जातो. नव्या मांडणीत अनुस्वार गायब दिसला तर तो बहुधा अक्षरांच्या संचात आहे, फक्त वरच्या ओळीखाली दबलाय. फोनचा अक्षर-आकार सर्वांत मोठा करून पुन्हा पाहा. घरातली वडीलधारी माणसं त्याच आकारावर ॲप वापरतात.

'विद्यार्थी' आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो: वि, द्या, र्थी. संगणकाच्या हिशेबात तो दहा चिन्हांचा आहे, कारण मात्रा आणि हलन्त (पाय मोडल्याची खूण) वेगळे मोजले जातात. लांब मजकूर 'आणखी पाहा' म्हणत तोडताना आठव्या चिन्हावर कात्री लागली, तर 'विद्यार्' असा लंगडा तुकडा आणि खाली पाय मोडल्याची खूण उरते. असं दिसलं तर अभिप्रायात लिहा: मजकूर चिन्हावर तोडू नये, पूर्ण अक्षरावर तोडावा.

अक्षरमर्यादेचंही तेच. एक्सवर (आधीच्या ट्विटरवर) २८० ची मर्यादा चिन्हांवर मोजली जाते, त्यामुळे 'क्षत्रिय' तिथे आठ जागा खातो. ब्लूस्काय या तशाच माध्यमाची ३०० ची मर्यादा दिसणाऱ्या अक्षरांवर आहे, पण जोडाक्षर एक की दोन हा नियमच युनिकोड या संगणकावरील अक्षरांच्या जागतिक प्रमाणाने २०२३ च्या १५.१ आवृत्तीत बदलला. म्हणून तोच शब्द जुन्या हिशेबात पाच आणि नव्यात तीन भरतो. मर्यादा बदलण्याची घोषणा झाली की 'मोजणी कशावर?' हा पहिला प्रश्न विचारा.

हॅशटॅग. काही ठिकाणी मात्रांना अक्षराचा भाग धरलं जात नाही. मग '#मराठी' लिहिल्यावर निळा दुवा 'मर' इथेच थांबतो आणि 'ाठी' काळ्या अक्षरांत बाहेर लोंबतो. अर्थाचा केवढा अनर्थ होतो ते मराठी माणसाला सांगायला नको, पण कंपनीला सांगावंच लागतं, कारण तिकडच्या माणसाला तो दुवा व्यवस्थित चालतोय असंच वाटतं.

'घेणाऱ्या' मधला ऱ्या दोन रीतींनी टाइप होतो: स्वतंत्र ऱ वापरून, किंवा साध्या र नंतर हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह घालून. अदृश्य चिन्हांचा गैरवापर थांबवण्यासाठी एखाद्या बदलात ती सरसकट गाळली, तर दुसऱ्या रीतीने लिहिलेल्या ऱ्याचा रफार होतो आणि 'घेणार्या' उमटतं. शोधातही हेच होतं. 'ॲ' हे एक चिन्हही असू शकतं, किंवा 'अ' वर चंद्रही असू शकतो. दोन्ही दिसायला सारखे, पण एकाने शोधलं तर दुसरं सापडेलच याची खात्री नाही. दोन्ही रीतींनी शोधून पाहा, तसंच '२५०' आणि इंग्रजी आकड्यांतले अडीचशे अशी जोडीही. फराळाचे दर देवनागरी आकड्यांत टाकणाऱ्या घरगुती व्यावसायिकाला याचा थेट फटका बसतो.

शेवटी टॉकबॅक ही अँड्रॉइडची स्क्रीन वाचून दाखवणारी सोय चालू करून, मराठी आवाज निवडून, नवी बटणं ऐका. नुसतं 'बटण' ऐकू आलं, तर त्याला नाव द्यायचं राहिलंय. ही चूक दुरुस्त करायला सोपी असते, आणि कळवली तर लवकर सुटते.

कुठे पाठवायचं

ॲपच्या आतून पाठवलेली तक्रार सर्वांत उपयोगी, कारण बहुतेक वेळा तिच्यासोबत फोनची तांत्रिक माहिती आपोआप जाते. फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर फोन जोरात हलवला की समस्या कळवण्याची चौकट उघडते. ती सोय बंद असेल तर सेटिंग्जमधल्या मदतीच्या विभागातून जा. व्हॉट्सॲपमध्येही मदत विभागातच संपर्काचा पर्याय आहे. टेलिग्रामचं चुका आणि सूचनांसाठी स्वतंत्र सार्वजनिक व्यासपीठ आहे. तिथे नवी नोंद करण्याआधी जुनी शोधा आणि असेल तर तिलाच मत द्या. मॅस्टोडॉन हे माध्यम आणि ब्लूस्काय यांचं काम गिटहब या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळावर उघड्यावर चालतं. तिथल्या नोंदी थेट प्रोग्रामर वाचतात, मात्र त्या इंग्रजीत लागतात. मॅस्टोडॉनच्या मराठी भाषांतरातला शब्द खटकत असेल तर क्राउडिन या भाषांतराच्या संकेतस्थळावर जाऊन पर्याय स्वतः सुचवता येतो.

प्ले स्टोअरवरचं परीक्षण ५०० अक्षरांपर्यंत लिहिता येतं आणि मराठीत चालतं. रागाने एक तारा देऊन मोकळं होण्यापेक्षा अडचण लिहा, आणि दुरुस्त झाल्यावर तारे बदला. बीटात असताना लिहिलेलं परीक्षण फक्त ॲप बनवणाऱ्यांना दिसतं, लोकांना नाही.

नियमांचा मसुदा असेल तर कंपनी कधीकधी ठरावीक मुदतीत जाहीर मतं मागवते. ट्विटरने २५ सप्टेंबर २०१८ ला माणसाला हीन लेखणाऱ्या भाषेविरुद्धचा नियम मांडून दोन आठवडे दिले. ३० हून अधिक देशांतून ८ हजारांवर उत्तरं आली. त्यांत एक आक्षेप बारीक पण मोलाचा होता: चाहत्यांना लाडाने 'मॉन्स्टर' म्हणणंही या व्याख्येत सापडेल. व्याख्या फार रुंद आहे ही तक्रार कंपनीने मान्य केली आणि जुलै २०१९ मध्ये नियम आधी फक्त धार्मिक गटांपुरता लागू केला. मसुद्यावर मत देताना हीच रीत: नियमाचं वाक्य उचला, त्याच्यात निष्पाप कोण अडकतं त्याचं खरं वाटेल असं उदाहरण द्या, आणि पर्यायी वाक्य सुचवा.

मजकूर

एका तक्रारीत एकच मुद्दा. तीन मुद्दे एकत्र लिहिले तर तक्रार तीन वेगळ्या गटांकडे जायला हवी, पण जाते एकाकडेच, आणि उरलेले दोन तिथेच विरतात. नमुना असा:

'शीर्षक: नव्या मांडणीत देवनागरी अनुस्वार कापला जातो. फोन, अँड्रॉइड आणि ॲपची आवृत्ती: अमुक. भाषा: मराठी. काय केलं: मोठ्या अक्षर-आकारावर पोस्ट उघडली. काय झालं: "मूर्तींची" शब्दाचा वरचा भाग दिसत नाही, दहापैकी दहा वेळा. काय व्हायला हवं: जुन्या आवृत्तीत पूर्ण दिसत होतं, चित्र सोबत आहे. कुणाला त्रास: मोठ्या अक्षरांत मराठी आणि हिंदी वाचणाऱ्या सर्वांना. मागणी: देवनागरीसाठी ओळींमधलं अंतर वाढवा.'

किती वेळा घडलं ते आकड्यात लिहा. 'कधीकधी' या शब्दाने काही कळत नाही. 'दहापैकी तीनदा, तेही मोबाइल डेटावर' म्हटलं की कारणाचा माग लागतो. शीर्षक आणि पहिली दोन वाक्यं साध्या इंग्रजीत, बाकी मराठीत, असं चालतं. यंत्राने केलेलं भाषांतर वाचलं जाईल हे गृहीत धरून वाक्यं आखूड ठेवा, म्हणी आणि उपरोध टाळा. 'वा, काय सुंदर बदल केलाय' हे यंत्र कौतुक म्हणून पुढे पाठवू शकतं.

आवडीनिवडीचे मुद्दे मात्र दोन आठवडे थांबवून पाठवा. सवय मोडली की प्रत्येक बदल पहिल्या दिवशी वाईटच वाटतो. २००६ च्या सप्टेंबरमध्ये फेसबुकने न्यूज फीड (मित्रांच्या हालचाली एकत्र दाखवणारं पान) आणलं तेव्हा प्रचंड विरोध झाला होता. काही दिवसांत गोपनीयतेची नियंत्रणं वाढली, फीड मात्र राहिलं. १५ दिवसांनंतरही जे टोचतं ते खरं टोचणारं. काही तुटलं असेल, पैसे अडकत असतील किंवा खासगी माहिती उघडी पडत असेल, तर थांबू नका, त्याच तासाला कळवा.

गटाने पाठवायचं असेल तर

बचत गट, वाचनालय, गृहसंस्था, परदेशातलं महाराष्ट्र मंडळ, कुणीही १५-२० जण जमवू शकतं. फोन मुद्दाम वेगवेगळे निवडा: दोन-तीन स्वस्त आणि कमी मेमरीचे, एखादा जुना आयफोन, एक टॅब्लेट. प्रत्येकाला तीच पाच कामं द्या: फोटो टाकणं, जुनी पोस्ट शोधणं, कमेंटला उत्तर देणं, एखाद्याला ब्लॉक करणं, स्वतःची पोस्ट कोण पाहतं ते बदलणं. किती टिचक्या लागल्या आणि कुठे अडलं ते एका तक्त्यात भरा. 'आधी दोन टिचक्या, आता पाच. वीसपैकी बारा जणांना बटण सापडलंच नाही' हे वाक्य हजार सह्यांच्या अर्जापेक्षा जड भरतं.

एकच मजकूर सगळ्यांनी चिकटवू नका. सारख्या तक्रारी एकत्र बांधल्या जातात आणि वीस जणांचं म्हणणं एकाचं होऊन बसतं. मुद्दा तोच, पण फोन, प्रसंग आणि शब्द ज्याचे त्याचे असू द्या.

अटी बदलत असतील तर

मांडणी आवडली नाही म्हणून तक्रार अधिकाऱ्याकडे जाण्यात अर्थ नाही. पण वापराच्या अटी किंवा गोपनीयता धोरण बदलत असेल, किंवा बदलामुळे तुमचं खातं किंवा मजकूर गेला असेल, तर भारतात वेगळी वाट आहे. माहिती तंत्रज्ञान नियम २०२१ नुसार प्रत्येक माध्यमाला तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि तक्रारीची पोच २४ तासांत द्यावी लागते. त्याचा निर्णय पटला नाही तर ३० दिवसांत केंद्र सरकारच्या तक्रार अपील समितीकडे ऑनलाइन जाता येतं. ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने आणखी एक गोष्ट दिली: अटी आणि धोरण इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या, वापरकर्त्याच्या पसंतीच्या भाषेत उपलब्ध करण्याची जबाबदारी. मराठी त्या अनुसूचीत आहे. अटींचं पान मराठीत उघडत नसेल तर अभिप्रायात हा नियम नावानिशी लिहा.

अटी बदलण्याच्या सूचनेवर 'मान्य' दाबण्याआधी आपल्या माहितीची प्रत उतरवून घ्या. मोठ्या माध्यमांच्या सेटिंग्जमध्ये ती सोय असते आणि फाइल तयार व्हायला काही तासांपासून काही दिवस लागतात. व्हॉट्सॲपने २०२१ च्या जानेवारीत नवं धोरण आणलं तेव्हा ८ फेब्रुवारीची मुदत विरोधामुळे १५ मेवर गेली. पुढे भारतीय स्पर्धा आयोगाने याच धोरणावरून नोव्हेंबर २०२४ मध्ये व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटाला २१३.१४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला आणि प्रकरण अपिलात गेलं. अशा प्रकरणांत वर्षं जातात, म्हणून सूचनेचा पहिल्या दिवशीचा स्क्रीनशॉट तारखेसह जपून ठेवणं महत्त्वाचं.

पाठवल्यानंतर

तक्रारीचा क्रमांक, तारीख आणि मजकुराची प्रत एका वहीत किंवा तक्त्यात ठेवा. पुढची आवृत्ती आली की तीच कृती पुन्हा करून पाहा. सुटलं नसेल तर नवी तक्रार करू नका; जुन्याच क्रमांकावर 'अमुक आवृत्तीतही तसंच' एवढं जोडा. सुटलं असेल तर तेही लिहा आणि गटातल्या सगळ्यांना कळवा. उघड्यावर चालणाऱ्या प्रकल्पांत 'आता मूर्तींचा अनुस्वार पूर्ण दिसतो, या दोन फोनवर पाहिलं' एवढी ओळ आली की ती नोंद बंद होते आणि तो प्रोग्रामर पुढच्या नोंदीकडे वळतो.